परदेशी गेलेली वडीलधारी मंडळी : औषध, अन्न आणि ऊब
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवर-सूचक मंडळ आणि शिक्षणनिधी हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. आज आम्ही त्याहून निराळा विषय आपणांपुढे ठेवीत आहोत. आपल्या सभासद-कुटुंबांतील मुलेमुली अमेरिकेत स्थायिक होतात, आणि मागोमाग साठीच्या उंबरठ्यावर उभे असलेले आईवडीलही तिकडे जातात. निरोपाच्या वेळी त्यांच्या सामानाचे वजन आपण दहा वेळा करतो. परंतु तेथे त्यांच्या औषधपाण्याचे, अन्नाचे आणि हिवाळ्यातील उबेचे काय होणार, याची चौकशी क्वचितच करतो. ती आता करणे अगत्याचे झाले आहे. कारण ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या सहीने तेथे जो मोठा कायदा झाला, त्याने या तिन्ही बाबतींतील नियम पालटले आहेत.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. १९६५ साली त्या देशाने पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ‘मेडिकेअर’ व गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या दोन योजना सुरू केल्या. अन्नासाठी सरकारी साहाय्य आहे, त्यास ‘स्नॅप’ म्हणतात. घर गरम ठेवण्याच्या खर्चास हातभार लावणारी योजना १९८१ पासून चालू आहे. मात्र १९९६ च्या एका कायद्याने ग्रीन कार्डावर आलेल्या बहुतेक प्रौढांना मेडिकेड व अन्नसाहाय्य यांसाठी पाच वर्षे थांबावे लागते. मेडिकेअरही त्यांना पासष्टी उलटून पाच वर्षांचे सलग वास्तव्य झाल्यावरच विकत घेता येते. तेथे सुमारे दहा वर्षे नोकरी केलेल्यास रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळतो. उतारवयात गेलेल्या आपल्या आईवडिलांपाशी ती नोकरी कोठून असणार? शिवाय त्यांना बोलावताना मुलाने सही केलेले पालनपोषणाचे हमीपत्र कायद्याने बंधनकारक असते, आणि त्यांच्या अर्जात त्याचे उत्पन्नही सामान्यतः धरले जाते.

आता नवे बदल. अन्नसाहाय्य घेणाऱ्या धडधाकट प्रौढाने महिन्याला ८० तास काम केले पाहिजे, अशी अट पूर्वी ५४ वर्षांपर्यंत होती. ती आता ६४ वर्षांपर्यंत नेली आहे. अट न पाळणाऱ्यास तीन वर्षांत केवळ तीन महिने साहाय्य मिळते. आजारपणामुळे काम करण्यास असमर्थ असलेल्यास सूट आहे. घरातील चौदा वर्षांखालील मुलाची जबाबदारी वाहणाऱ्यासही सूट आहे. मेडिकेडच्या बाबतीत, ज्या राज्यांनी २०१० च्या कायद्यान्वये ही योजना अधिक लोकांस खुली केली, तेथे १९ ते ६४ वयाच्या अशा लाभार्थींना कामाची अट लागू करण्याची मुदत १ जानेवारी २०२७ ही ठरविली आहे.

उबेची गोष्ट आणखी विलक्षण आहे. इंधनासाठी थोडेसे साहाय्य मिळाले, की अन्नसाहाय्याचा हिशेब करताना घरखर्चाची ठरावीक वजावट आपोआप मिळे, व अन्नाची रक्कम वाढे. नव्या कायद्याने ही सवलत केवळ ज्या घरात साठीवरील वा अपंग व्यक्ती आहे त्या घरापुरती ठेवली. म्हणजे बासष्ट वर्षांची बाई इंधनाच्या हिशेबात वृद्ध ठरते, आणि अन्नाच्या हिशेबात कामकरी! बाई तीच, कायदा तोच. केवळ रकाना निराळा.

शिवाय इंधनाचे साहाय्य हा हक्क नव्हे. मंजूर रक्कम संपली की साहाय्य संपले. एप्रिल २०२५ मध्ये ही योजना चालविणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनाच कामावरून कमी करण्यात आले. पुढे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात केंद्र सरकारचा कारभार ठप्प झाला, तेव्हा नोव्हेंबरचे अन्नसाहाय्य खोळंबले, आणि इंधनाचे पैसेही ऐन थंडीच्या तोंडावर लांबले. पुण्याची थंडी शालीने भागते. शिकागोची भागत नाही.

कोणी म्हणेल, ‘आमचा मुलगा चांगला मिळवता आहे, आम्हांस सरकारच्या दाराशी जाण्याचे कारण काय?’ ठीक आहे. परंतु आपली सर्वच मुले मोठ्या पगारावर नाहीत. कोणी दुकानात कामास आहे, कोणाची नोकरी जाते, कोठे सुनेचे व सासूचे पटत नाही आणि वृद्ध विधवेस वेगळी खोली घ्यावी लागते. अन्नसाहाय्याच्या नियमात जे एकत्र खरेदी करून एकत्र शिजवितात ते एक कुटुंब. ‘एक चूल, एक घर’ हा आपल्या आजीचा नियम तेथेही आहे; फरक इतकाच, की तेथे तो कागदावर सिद्ध करावा लागतो.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, आईवडिलांना नेण्यापूर्वी मुलांनी त्यांच्या वयाचा, पाच वर्षांच्या मुदतीचा आणि विम्याच्या हप्त्याचा हिशेब त्यांच्यासमोर बसून मांडावा. आपल्याकडे २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या नागरिकांस उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार खुले झाले आहेत. जावे की राहावे हे ठरविताना तेही तराजूत घालावे. दुसरी, जी आजी दिवसभर नातवंडे सांभाळते, तिच्या श्रमास तो कायदासुद्धा सूट देण्याजोगे काम मानतो. मग घरच्यांनी ते फुकटचे समजू नये, आणि अर्जात त्याची नोंद करण्यास लाजू नये. कायद्याने देऊ केलेले मागणे ही भीक नव्हे. तिसरी, संघाने तिकडील जाणत्या सभासदांची एक छोटी समिती नेमावी. आलेले सरकारी पत्र वाचून दाखविणे, मुदतीची आठवण देणे, अर्ज भरताना शेजारी बसणे, एवढेच तिचे काम. कारण मदत पुष्कळदा गरज नाही म्हणून थांबत नाही. पत्र उघडले गेले नाही म्हणून थांबते.

श्रावणबाळाने मातापित्यांस कावडीत घालून वाहिले. आजच्या मुलांना खांद्यावर कावड घ्यावयाची नाही. एक कागद नीट वाचावयाचा आहे. तेवढे आपल्या ज्ञातीतील प्रत्येक घरी घडावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.