पोलीस वसाहतीतील उद्योगिनी



अनंत चतुर्दशीच्या रात्री चौकात उभा असलेला पोलीस साऱ्या समाजाला दिसतो. त्याच रात्री त्याच्या घरचा गणपती कोण विसर्जित करते, सासूबाईंचे औषधपाणी आणि मुलांचा अभ्यास कोण पाहते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' यांच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातील पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतो आणि सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना साप्ताहिक सुटी मिळत नाही. पतीचे १४ तास कर्तव्यात गेले की उरलेला सारा संसार पत्नीच्या खांद्यावर येतो.

त्यात बदलीची भर. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यानुसार उपनिरीक्षक ते निरीक्षक या अधिकाऱ्यांचा एका ठाण्यातील सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा आहे. पदवी घेतलेली, शिक्षणशास्त्राचा अभ्यास केलेली भगिनी एखाद्या शाळेत रुजू होते आणि जम बसेपर्यंत सामान बांधण्याची वेळ येते. पतीचे अकाली निधन झाले तर प्रश्न अधिकच बिकट होतो. अनुकंपा तत्त्वावरील नोकरीची प्रक्रिया वेळ घेते, शासकीय निवासस्थान ठरावीक मुदतीत सोडावे लागते. तोवर कधीही स्वतःच्या कमाईचा व्यवहार न केलेल्या स्त्रीला एकदम सर्व व्यवहार पेलावे लागतात.

यावर शिलाई यंत्रांचे वाटप हा नेहमीचा उपाय. समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. पण शिवलेले कपडे कुठे विकायचे, हे कुणी सांगत नाही. समाजाला उद्यमशीलता हवी असेल तर कच्चा माल, दर्जा, हिशेब आणि बाजारपेठ या चारही गोष्टींची एकत्र व्यवस्था व्हावी लागते.

याचा आदर्श मुंबईतच घडला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. तोच आजचा 'लिज्जत' उद्योग. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, वाळवून परत द्यायचे आणि लाटण्याची मजुरी घ्यायची. येथे प्रत्येक सभासद भगिनी सहमालक असते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या महिलांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. घर न सोडता, आपल्या वेळेनुसार करता येणारे हे काम पोलीस वसाहतीसाठी अतिशय अनुरूप आहे. शेकडो कुटुंबे एकाच आवारात राहत असल्याने माल गोळा करणेही सुलभ होते. निरनिराळ्या वसाहतींतील गट एकमेकांशी जोडलेले असतील, तर बदली झालेली भगिनी नव्या गावी आपल्याच संस्थेत रुजू होऊ शकेल.

एका गोष्टीचे पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. साहेबांच्या पत्नीने बनवलेला फराळ हद्दीतील दुकानदाराने नाइलाजाने विकत घेतला, तर तो उद्योग राहत नाही. ती वसुली होते. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे कुटुंबीयाच्या व्यवसायाची माहिती शासनाला द्यावी लागते आणि त्या व्यवसायासाठी कर्मचाऱ्याने गळ घालणे हा नियमभंग ठरतो. म्हणूनच एकटीच्या व्यवसायापेक्षा सहकारी संस्था श्रेयस्कर. संस्थेचे नाव वेगळे असावे, हिशेब तपासलेले असावेत, विक्री खुल्या बाजारात व्हावी आणि वेष्टनावर पोलीस खात्याची कोणतीही खूण नसावी. ग्राहकाने माल चवीसाठी घ्यावा, धाकापोटी नव्हे.

येथे समाजाचेही कर्तव्य आहे. सणावाराला पोलिसांना राखी बांधणे, दिवाळीचा फराळ देणे हे स्तुत्यच. परंतु कार्यकर्त्यांनी त्यापुढे पाऊल टाकावे. सनदी लेखापालाने महिन्यातून एक संध्याकाळ हिशेब शिकवावा, व्यापाऱ्याने वेष्टन आणि किमतीचे गणित समजावून द्यावे, बँकेतील निवृत्त अधिकाऱ्याने कर्जाचा प्रस्ताव तयार करून द्यावा. महिला पोलिसांच्या पतींनाही या व्यवस्थेत स्थान असावे.

दया दाखवण्याची येथे आवश्यकता नाही. जी स्त्री अपुऱ्या वेळेत आणि अनिश्चित दिनक्रमात घर सांभाळते, तिच्या अंगी व्यवस्थापनाचे गुण आधीच आहेत. त्या गुणांना भांडवल आणि बाजारपेठ मिळवून देणे, एवढेच कार्य आपल्यापुढे आहे.