शस्त्रवैद्यापाशी संकोच नको



जांघेतील अंतर्गळ, ज्यास आपण हर्निया म्हणतो, तो मी लाजेपोटी दोन वर्षे घरच्यांपासूनही लपविला. अखेर शस्त्रवैद्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, "इतके दिवस कोठे होता?" मजपाशी उत्तर नव्हते.

ही लाज जिवावर बेतते. फुगवटा आत जाईनासा होऊन वेदना व वांत्या सुरू झाल्या, तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा रात्र असो वा सण, तत्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी जाताना सर्व औषधांची यादी न्यावी. काढे, चूर्णेही तीत लिहावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगावे, मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह, तंबाखू, औषधाचे वावडे, काहीच दडवू नये. भुलेपूर्वी घन अन्न साधारणतः ६ तास वर्ज्य असते. पोटातील अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचे भय असते. म्हणून चुकून घासभर खाल्ले, तरी तेही सांगावे. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हेही निःसंकोच विचारावे.

वर्गात ज्याने चूक लपविली नाही, त्याचीच मला सुधारता आली. रोगाचेही तसेच आहे.