चाबूकस्वाराचा हात
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून पुस्तकांविषयी अधिकारवाणीने बोलणारी मंडळी आजवर पुष्कळ येऊन गेली. माझे आयुष्य पुस्तकांपेक्षा घोड्यांच्या सहवासात अधिक गेले. तेव्हा घोडा शिकविणे म्हणजे नेमके काय, तो माणसाचे ऐकतो ते कशामुळे, आणि ऐकतो तेव्हा त्याच्या मनात धाक असतो की आदर, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहे.

मी मुधोळचा. असे म्हटले की लोकांना घोरपड्यांचे संस्थान आणि तिथले शिकारी कुत्रे आठवतात. ते मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आमचे मुधोळ गोदावरीकाठच्या बासरजवळचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते नांदेड जिल्ह्यात होते, नंतर आदिलाबादेत गेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, राज्य दोनदा बदलले. घरातली मराठी मात्र राहिली, आणि मार्गशीर्ष आला की माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची ओढही राहिली. नांदेड ओलांडून लोह्याजवळ भरणारी ही यात्रा म्हणजे आमच्या भागातल्या घोड्यांचे विद्यापीठच. देवाचे वाहनच घोडा. तेव्हा त्याच्या दारात घोड्यांचा बाजार भरावा यात नवल नाही.

त्या बाजारात गिऱ्हाईक काय पाहते, हे ध्यानपूर्वक पाहण्यासारखे असते. आधी रंग. मग पंचकल्याणी आहे का, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा आहे का. मग भोवरे, कुठला शुभ, कुठला अशुभ, यावर अर्धा अर्धा तास वाद चालतो. मग ओठ उचलून दात. दातांची परीक्षा खरी असते. अडीच वर्षांच्या सुमारास समोरच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी पडून कायमची येते, साडेतीनला दुसरी, साडेचारला तिसरी, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. मग रवाल चाल पाहण्यासाठी एखादी रपेट. परंतु त्याच तोंडाच्या कोपऱ्यांत, जिथे लगामाची कडी बसते तिथे, कातडी मऊ आहे की घट्टे पडून निबर झाली आहे, हे पाहणारा मनुष्य शंभरांत एखादा. वास्तविक त्या घोड्याचे सारे शिक्षण तिथे लिहिलेले असते.

घोडा शिकविणाऱ्याला आपल्याकडे चाबूकस्वार म्हणतात. अनेक घराण्यांचे ते आडनावही आहे. शब्द ऐकताच हातात कोरडा घेतलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु ज्या फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला, त्या भाषेत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, हलका, तरबेज. फटका मारण्याच्या साधनाला हे नाव मिळाले तो अर्थ निराळा. चाबूकस्वार म्हणजे मुळात हलक्या अंगाचा, हलक्या हाताचा स्वार. शब्दाच्या या दोन अर्थांमध्येच घोडा शिकविण्याच्या दोन रीती उभ्या आहेत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चोहोकडचे दिसते. फक्त नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. म्हणून जाणता मोतद्दार समोरून वा मागून न जाता खांद्याच्या रोखाने आणि काहीतरी बोलत जवळ जातो. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरविणारा हा प्राणी. त्याला समजण्यासाठी मोठा धक्का लागतो हा समजच चुकीचा आहे.

शिंगराला मोरखी घालून दोरीने चालायला शिकविणे हा पहिला धडा. नवशिका दोरी हिसकतो. शिंगरू पाय रोवते, मान वर करते, आणि दोघांची रस्सीखेच सुरू होते. तीत माणूस जिंकत नाही. चाबूकस्वार दोरीला बेताचा ताण देतो आणि तसाच थांबतो. शिंगराने अर्धे पाऊल पुढे टाकले, अगदी अंग नुसते पुढे झुकविले, की तत्क्षणी दोर सैल. सारी विद्या या सैल सोडण्यात आहे. घोडा ताणाने शिकत नाही. ताण ज्या क्षणी संपला त्या क्षणी आपण काय करीत होतो, हे तो लक्षात ठेवतो. पाऊल टाकल्यावरही जो ओढतच राहतो, तो घोड्याला एवढेच शिकवितो की पुढे येण्यात काही लाभ नाही. आणि घोडा मागे ओढत असताना कंटाळून जो दोर सोडतो, त्याने मागे ओढण्याचा धडा दिला. अडेलतट्टू जन्मत नाही, तो असा घडविला जातो.

दुसरा धडा काव्याचा. जुन्या मराठीत ‘कावा’ म्हणजे घोड्याला लांब दोरीवर गोल फिरविणे. आपण हा शब्द आता केवळ ‘गनिमी कावा’ म्हणून ओळखतो, आणि त्या डावपेचातील वळणे पाहता हे नाव घोड्यावरच्या माणसांनीच दिले असावे असे मला वाटते. मधोमध उभ्या माणसाने घोड्याच्या पुठ्ठ्याच्या रोखाने पाऊल टाकले की घोडा पुढे निघतो. खांद्याच्या पुढच्या रोखाने टाकले की मंदावतो. चाबूक असलाच तर तो हात लांब करण्यापुरता. काही फेऱ्यांनंतर घोड्याचा आतला कान माणसाकडे वळतो. तो कान वळला, की त्याचे चित्त तुमच्याकडे आले. तिथेच थांबावे, घोड्याला उभे करावे, मानेखाली खाजवावे. तो क्षण हेरता न आल्याने आणखी दहा फेऱ्या मारविणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा घोडा थकतो, शिकत नाही.

आदराचा प्रश्न खरा येतो तो तोबऱ्याच्या वेळी. तीन-चारशे किलोंचे जनावर चंदीसाठी अंगावर येते, डोक्याने ढुशी देते, आणि मालक कौतुकाने म्हणतो, ‘पाहा, किती लळा आहे!’ हा लळा नाही. आपल्या अंगाभोवतीची जागा घोड्याला मोकळी ठेवायला लावणे ही शिकवणुकीतील अत्यंत आवश्यक गोष्ट आहे, कारण उद्या त्याच ढुशीने एखादे मूल पायाखाली येईल. तोबरा हातात धरून स्वस्थ उभे राहावे. घोडा पाऊलभर मागे सरला, कान पुढे झाले, की तोबरा चढवावा. ओरडणे नाही, मारणे नाही. आठवडाभरात तो तोबरा पाहूनच मागे सरतो. कळपातल्या म्होरक्याप्रमाणे माणसाने घोड्यावर वर्चस्व गाजवावे, असे सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. मला ती उपमा ओढूनताणून आणलेली वाटते. माणूस घोडा नाही, हे घोड्याला पक्के कळते. त्याला हवा असतो तो आज आणि उद्या सारखाच वागणारा माणूस.

माणसाकडे घोडा किती बारकाईने पाहतो, याचा एक दाखला सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवितो म्हणून गाजला. उत्तराइतक्या वेळा तो खूर आपटी. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ मध्ये दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले, आणि घोडा तेवढे पाहून थांबे. लोक म्हणाले, घोड्याचे पितळ उघडे पडले. माझ्या मते तिथे घोड्याची खरी बुद्धी दिसली. जो माणसाच्या मानेची अशी हालचाल वाचतो, त्याच्याशी बोलायला काटेरी लोखंड कशाला लागावे?

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वाहनाच्या घोड्याच्या वल्गन, लंघन अशा गतींबरोबर ‘नारोष्ट्र’ नावाची एक गती सांगितली आहे, ती म्हणजे निव्वळ संकेताला प्रतिसाद देत चालणे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास रचला, त्यातही घोड्यांवरील खेळांचे सविस्तर वर्णन आहे. कल्याणी आमच्या भागापासून काही फार दूर नाही. तिकडे ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफोन लिहून गेला, की बुजणाऱ्या घोड्याला मारू नये. मारल्याने तो ज्याला बुजला त्याचीच त्याला अधिक भीती बसते, कारण वेदना त्या वस्तूपासून झाली असे त्याला वाटते. रस्त्यात उडणाऱ्या कागदाला बुजलेल्या घोड्यावर कोरडा ओढणारा टांगेवाला या सभागृहातील वडीलधाऱ्यांनी पाहिला असेलच.

मराठ्यांच्या पागेची व्यवस्था सभासदाने नोंदविली आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची काळजी लढाईआधीची. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेफिकीरपणे संपविली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यातील आशय. घोड्याने माणसाचे ऐकावे, ही अपेक्षा ठेवण्यापूर्वी माणसाने काय करावयाचे, ते त्या पत्रात आले आहे. खराऱ्याचेही तसेच. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका अभ्यासात आढळले, की घोडे एकमेकांना जिथे खाजवितात त्या वाख्यावर, म्हणजे मानेच्या बुडाशी, माणसाने खाजविले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आपले मोतद्दार पिढ्यान्‌पिढ्या खरारा करीत होते, तो काही केवळ अंगाला तकाकी यावी म्हणून नाही.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. आमच्याकडे घोडा उरला तो वरातीपुरता आणि यात्रेपुरता. वरातीला नाचरा घोडा हवा, आणि तो ताबडतोब तयार हवा. संकेतावर पाय उचलणे घोड्याला गोडीने शिकविता येते, पण त्याला महिनेच्या महिने लागतात. तेवढा धीर धरणारा चाबूकस्वार आणि त्याला पोटभर मजुरी देणारा मालक, दोघेही विरळ झाले. मग जनावर आखडून बांधणे, ढोलाच्या तालावर पायांवर मारणे, आणि तोंडात काटेरी लगाम. प्रेक्षक म्हणतात, ‘काय डौलात मान वाकवतो!’ ती मान वेदना चुकविण्यासाठी वाकलेली असते. काट्यांचा, गाठींचा लगाम वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. तरी तो विकत मिळतो, कारण अनेक वर्षांच्या हाताचे काम तो एका दिवसात केल्याचा आभास निर्माण करतो.

दुसरे दुखणे वयाचे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. पहिले पक्के दात आलेले अडीच वर्षांचे शिंगरू खोगीर चढवून बाजारात आणले जाते. ते शांत उभे राहते, म्हणून गिऱ्हाईक खूश. पुष्कळदा ती शांतता शिकवणुकीची नसते. प्रतिकार करून काही होत नाही, हे उमगलेल्या जीवाची ती असते. दोहोंतला फरक कानांवरून कळतो. शिकलेल्या घोड्याचे कान सतत बोलत असतात, एक तुमच्याकडे, एक रस्त्याकडे. हताश घोड्याचे कान बाजूला पडलेले असतात आणि डोळा कुठेच पाहत नाही.

आपल्या भीमथडी जातीची अलीकडे देशी अश्वजात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट. अशा नोंदीत उंची, रंग, बांधा येतो. तो घोडा ज्या हातांनी घडला त्यांची विद्या तिथे कशी येणार? कायदा हातात धरून काटेरी लगाम काढून टाकता येईल, पण त्या जागी जो हलका हात हवा तो बाजारात मिळत नाही. म्हणून या ग्रंथालयाकडे एक मागणे आहे. माळेगावच्या यात्रेत अजून काही वृद्ध चाबूकस्वार येतात. कावा, दुडकी, रवाल, आगाडी, पिछाडी, दुमची, तंग हे शब्द त्यांच्या तोंडी जिवंत आहेत, आणि प्रत्येक शब्दामागे हाताची एक कृती आहे. आपल्यापैकी कोणी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. शब्दाचा अर्थ मात्र विचारू नये. ‘करून दाखवा’ म्हणावे, आणि त्यांनी दोर सैल सोडला तो नेमका केव्हा, तेवढे टिपून घ्यावे. यात्रेच्या पहिल्या दोन दिवसांत सौद्यांची गर्दी असते, तेव्हा त्यांना बोलायला सवड नसते. गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळी घोडी पाण्यावर नेऊन आणल्यानंतर गाठावे.