पुरानंतर रूळ पुन्हा उभे राहतात ते असे

गुडीहत्नूरची माणसं आदिलाबादला येऊन कृष्णा एक्स्प्रेसने तिरुपतीला जातात. ही गाडी वरंगळ-विजयवाडा मार्गाने धावते. 1 सप्टेंबर 2024 रोजी बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे तेलंगणात धुवांधार पाऊस झाला आणि याच मार्गावर केसमुद्रम आणि इंटकन्ने या स्थानकांदरम्यान पुराने रुळांखालचा भराव वाहून नेला. रूळ आणि स्लीपर अधांतरी लोंबकळत राहिले. गाड्या रद्द झाल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या.

अशा वेळी पहिलं काम गाडी थांबवण्याचं. ते करतो पावसात कंदील आणि बॅटरी घेऊन रूळ तपासत चालणारा गस्तवाला. पाणी ओसरू लागलं की दगड, माती आणि वाळूची पोती टाकून भराव उभा करतात. त्यावर खडी पसरतात, रूळ सरळ रेषेत आणतात आणि यंत्राने खडी ठोकून घट्ट बसवतात. सुरुवातीला गाड्या अगदी सावकाश सोडतात. भराव नीट बसल्याची खात्री पटली, की वेग टप्प्याटप्प्याने वाढतो.

केसमुद्रमजवळही दक्षिण मध्य रेल्वेच्या कामगारांनी असंच रात्रंदिवस राबून काही दिवसांतच वाहतूक पुन्हा सुरू केली. तरीही मुसळधार पावसात प्रवासाला निघण्याआधी रेल्वेच्या 139 या क्रमांकावर चौकशी करा. गाडी हळू चालली, तर धीर धरा. तो उशीर आपल्याच जिवासाठी असतो.