कलाग्राम : आधी कारागिराचे घर, मग प्रेक्षकांची वाट

(पुण्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वास्तुविशारद नाही. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. त्यामुळे उष्ण प्रदेशात टिकाऊ कलाग्राम कसे रचावे, हे तुम्हाला शिकवण्याचा अधिकार माझा नाही. मात्र वसाहती उभ्या राहताना आणि बदलताना मी पाहिल्या आहेत. त्या आधारे दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

कलाग्राम म्हटले की आपल्याला उदयपूरचे शिल्पग्राम आठवते. निरनिराळ्या प्रांतांची घरे, त्यांत आमंत्रित कारागीर, पाहायला येणारे पर्यटक. त्या उपक्रमाचे मोल मोठे आहे. परंतु तेथे कारागीर हा पाहुणा असतो. गाव मात्र पाहुण्यांवर चालत नाही. ते चूल पेटवणाऱ्यांवर चालते.

म्हणून आपण नवी मुंबईतील बेलापूरकडे वळू. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तेथे एक वसाहत रचली. लोक तिला आजही 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतात. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. अशा क्रमाने वस्ती वाढत गेली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. श्रीमंत-गरीब यांच्या जमिनीत फार अंतर नाही. प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर उभे, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता ते वाढवता यावे. गावच्या गवंड्याला बांधता येईल इतकी साधी, उतरत्या कौलारू छपराची ही घरे होती.

आज तेथे गेलात तर मूळ घरे फार थोडी दिसतील. बहुतेकांनी ती पाडून काँक्रीटचे मजले चढवले आहेत. काहींना यात अपयश दिसते. मला त्यात एक धडा दिसतो. घरे बदलली, पण चौक टिकले. जी जागा एकट्या कोणाचीच नव्हती आणि सातही घरांची होती, तीच शिल्लक राहिली. आपल्या कलाग्रामात प्रथम आखायची ती ही मोकळी जागा, भिंती नंतर.

मात्र बेलापूरची नक्कल पुण्यात चालणार नाही. किनारपट्टीची हवा दमट. तेथे रात्रही फारशी थंड होत नाही. तेथे वारा खेळता ठेवणे हाच उपाय. पुण्याचा उन्हाळा कोरडा. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला भिडतो आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते. या फरकाचा लाभ आपल्या वाड्यांनी घेतला. दगडी जोते, जाड भिंती, सागवानी खांबांची ओसरी आणि मध्ये चौक. रात्रीचा गारवा भिंती साठवतात आणि दुपारी परत देतात. विश्रामबाग वाड्याच्या चौकात मे महिन्यात उभे राहून पाहा, पटेल. कोरिया यांनीच रचलेल्या पुण्याच्या 'आयुका'तही काळा दगड आणि मध्यभागी कुंड आहे. प्रांत बदलला तशी त्यांची रचनाही बदलली.

पाण्याचेही तसेच. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांत. शंभर चौरस मीटर छपरावर सत्तर हजार लिटर पाणी पडते. कात्रजच्या तलावाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांत आणणाऱ्या पेशवेकालीन पुण्याला हे गणित शिकवावे लागले नसते.

आता दुसरी गोष्ट. कसबा पेठेतील तांबट आळीत दुपारी गेलो होतो. तांब्यावरच्या मठारकामाचा ठोका गल्लीभर ऐकू येत होता. शहराबाहेर कलाग्राम झाले तर जाल का, असे मी एका कारागिराला विचारले. त्याने मलाच उलट विचारले की, तिथे बघायला येतील, पण भांडे घ्यायला कोण येईल? आणि तिथे रात्री ठोकायला परवानगी असेल का?

मित्रांनो, या प्रश्नांची उत्तरे तुमच्या नकाशात असली पाहिजेत. ठोक्याचे काम आणि विणकाम यांच्यात अंतर हवे. पुण्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून कुंभाराची भट्टी पूर्वेच्या कडेला हवी, तिचा धूर घरांवर येऊ नये. चित्रकाराला उत्तरेचा स्थिर उजेड हवा. घर कारागिराच्या नावावर हवे आणि ते वाढवण्याचा हक्कही त्याचाच. केवळ चौक आणि जुन्या झाडांना हात लावायचा नाही, हा करार सर्वांनी मिळून करावा. आणि बाजारपेठेपासून तोडलेले गाव कितीही देखणे असले तरी कारागिराच्या मुलाला तेथे रोखून धरणार नाही.

परंपरा काचेच्या कपाटात टिकत नाही. तिच्यावर पोट भरता आले तर टिकते. तुम्ही कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी एक दिवस तांबट आळीत बसा, एवढीच विनंती करून मी थांबतो.