मोटारसायकलची पडशी

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे, जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते वसलेले असून, त्या रस्त्यावरील मोटारसायकली घटकाभर न्याहाळल्या तरी या वाहनावर काय काय लादता येते याचे पुरते दर्शन घडते. दुधाचे कॅन, भाजीची गाठोडी, बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचा पंप आणि या सर्वांच्या मधोमध कसाबसा बसलेला मालक! शहरातील मनुष्य मोटारसायकलीला स्वारीचे वाहन समजतो; खेड्यात ती बैलगाडीची धाकटी बहीण होय. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्ग खुला झाला व तो याच जिल्ह्यातून गेला. परंतु दुचाकीला त्यावर मज्जाव असल्यामुळे हा सारा लवाजमा जुन्याच रस्त्याने, मालमोटारींच्या संगतीने चालतो.

अशा रस्त्यावर ओझे सुटले तर केवळ माल सांडत नाही. लोंबणारी दोरी किंवा पिशवीचा बंद मागच्या चाकाच्या आऱ्यांत अथवा साखळीत अडकला की चाक क्षणात जखडते, आणि मागून येणाऱ्या मालमोटारीला थांबण्यास अवकाश मिळतोच असे नाही. बाजारात तयार पेट्या व पिशव्या मिळतात हे खरे. पण ज्याच्या दुधाचा हिशेब रुपयांत नव्हे तर पैशांत चालतो, त्याने त्या घ्याव्यात असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसास पक्वान्नाचा सल्ला देण्यापैकीच आहे. घरी बनविणे हाच मार्ग, आणि तो मुळीच कमी प्रतीचा नाही.

या प्रांताला ओझे लादण्याची विद्या नवी नव्हे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे थोर तीर्थक्षेत्र. या समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर फिरत; त्या व्यापाराला लदेणी म्हणत. १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली, आणि देशात इतरत्र झाले तसे वऱ्हाडातही बैलांच्या पाठीवरील वाहतुकीचे दिवस सरत गेले. तरी तिचे मर्म आजही जसेच्या तसे उपयोगी आहे : वजन दोन्ही अंगांस सारखे, शक्य तितके खाली, आणि हलणार नाही असे आवळलेले. खांद्यावर टाकावयाची दोन कप्प्यांची पडशी याच न्यायाने शिवलेली असते. मोटारसायकलीला हवी आहे ती हीच पडशी. खोगीराच्या जागी बैठक आली, एवढाच काय तो फरक.

हिच्यासाठी जुन्या ताडपत्रीचा तुकडा उत्तम. खताच्या विणीव पोत्यांचे दोन पदरही चालतात. युरियाचे पोते २०१८ पासून पन्नास किलोऐवजी पंचेचाळीस किलोचे झाले, तरी कापड पुरेसे निघते. मात्र ते पोते अनेक पाण्यांनी धुवावे, कारण उरलेले खत लोखंडास गंज चढविते. शिवाय हे कापड सतत उन्हात राहिले की ठिसूळ होऊन हातात भुगा येतो. तेव्हा त्यावर भरवसा एखाद्या हंगामाचाच ठेवावा. प्रत्येक कप्पा हातभर लांब व वीतभर रुंद पुरे. आतून कळकाच्या कांबटी किंवा पातळ फळी घातली की पिशवी पोट फुगवून चाकाकडे झुकत नाही. शिवण दाभणाने, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने, दुहेरी घालावी. दोन्ही कप्पे जोडणारे पट्टे खाटेच्या नवारीचे असावेत. सुतळी ओली-सुकी होऊन सैल पडते. सायकलीच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे वरून आवळण्यास चांगले, परंतु सारा भार त्यांच्यावर सोपवू नये, कारण रबर ताणते आणि खड्ड्यात ओझ्याला उडी मारू देते.

बहुतेक देशी मोटारसायकलींना डाव्या बाजूस साडी अडकू नये म्हणून जाळी असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागील चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणे बंधनकारक आहे. ती जाळी पिशवीचा आयता आधार होय. उजवीकडे मात्र सामान्यतः सायलेन्सर असतो, आणि येथेच घरगुती कारागिरी फसते : पोत्याचे कापड त्याच्या आचेने वितळते. तेथे आठ मिलीमीटरच्या सळईची चौकट गावातील वेल्डिंगच्या दुकानी करून घ्यावी, आणि तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून, सायलेन्सर व पिशवी या दोहोंपासून दोन बोटे अंतर राखून, मध्ये बसवावा. चौकट वाहनाच्या सांगाड्याला डाग देऊन जोडू नये. त्या आचेने सांगाडा दुबळा होतो. पकडी व बोल्ट वापरावेत, खाली ट्यूबचा तुकडा द्यावा आणि नटावर दुसरा नट घट्ट करावा. पिशवीचा खालचा कोपरा आवर्जून बांधावा. वरून आवळलेली पिशवी सुरक्षित दिसते, पण चाकाकडे जातो तो खालचाच कोपरा.

पुष्कळ घरी कीटकनाशकाचा रिकामा प्लास्टिकचा डबा कापून पेटी करण्याचा मोह होतो. दिसायला सुबक, फुकट आणि पाणी न शिरणारी! हा मोह टाळलाच पाहिजे. ते विष प्लास्टिकात मुरते, धुऊन जात नाही. असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असा नियम आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच डब्यात मुलांची शाळेची पिशवी किंवा घरची भाकर ठेवणे कोणाही शहाण्यास शोभणार नाही. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा याहून शतपटीने बरा. त्याच्या धारदार कडा तेवढ्या दुमडून घ्याव्यात.

पेटी मागे बसवावयाची असेल तर जुलै २०२० मधील नियमदुरुस्ती ध्यानात असू द्यावी : लांबी ५५०, रुंदी ५१० व उंची ५०० मिलीमीटरांपेक्षा अधिक नको, ती मागच्या बैठकीवर ठेवली तर दुसऱ्या स्वारास जागा नाही, बैठकीच्या मागे असेल तर बसता येते. परंतु मागच्या आसाच्याही मागे टांगलेले वजन पुढचे चाक हलके करते व मूठ हातात वळवळू लागते. म्हणून जड वस्तू पडशीत, हलक्या पेटीत. दिवा आणि क्रमांकाची पाटी झाकली जाऊ नये, हे सांगावयास नकोच. तरी रस्त्यावर पाहिले तर सांगावयास हवे असेच वाटते.

पहिल्या फेरीस माल भरू नये. दोन्ही कप्प्यांत सारख्या वजनाची वाळू भरून, टायरातील हवा वाहनाबरोबरच्या पुस्तिकेत भारासाठी सांगितल्याप्रमाणे करून, गावातल्याच खडबडीत गल्लीत चार चकरा माराव्यात, दोन्ही ब्रेक अजमावावेत आणि उतरून प्रत्येक गाठ हाताने चाचपावी. जी गाठ सैल झाली असेल तेथे नवार बदलावी, आणि मगच दुधाचे कॅन चढवावेत.