नव्या गुडघ्याचा गृहपाठ



संयोजकांनी ‘पाचच मिनिटं’ अशी तंबी दिलीय, म्हणून शाळेच्या आठवणी बाजूला ठेवते आणि गुडघ्याबद्दल बोलते. सकाळपासून चहाच्या रांगेत सातजणांनी मला हळूच विचारलंय, “करून घेऊ का गं?”

करायचं की नाही ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी त्यानंतरचं सांगते. हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लॅस्टिकची गादी. दुसऱ्या दिवशी मला वॉकर देऊन उभं केलं आणि तिथून पुढचं काम माझं होतं.

व्यायाम घेणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. तिनं पिशवीतून कोनमापक काढला. आपल्या कंपासपेटीतलाच, फक्त त्याला दोन लांब हात! गुडघा वाकला ६० अंश. “काकू, दोन आठवड्यांत ९० हवेत.” भूमितीत मी काठावर पास, हे बाईंना ठाऊकच आहे. जखम भरताना आतून सगळं आखडत जातं. सुरुवातीच्या आठवड्यांत वाकवला नाही तर गुडघा तसाच ताठ राहू शकतो. म्हणून दिवसातून तीनदा टाच पलंगावरून घसरवत मागे आणायची. दुखतं, खोटं कशाला सांगू? डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाआधी आणि बर्फ नंतर, हे जमलं की निभतं.

सगळे वाकण्याचंच विचारतात. मला छळलं ते सरळ होण्यानं. गुडघ्याखाली उशी घेतली की काय बरं वाटतं! पण तीच नको. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे. पाय पूर्ण सरळ झाला नाही तर चाल लंगडीच राहते. यांनी माझी उशी लपवून ठेवली होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात इतका राग कधी आला नव्हता.

पाचव्या आठवड्यात एका रात्री मात्र रडले. झोप नाही, गुडघा गरम, सूज तशीच. वाटलं, पैसे आणि पाय दोन्ही गेले. सूज आणि ऊब काही महिने राहू शकते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. पण पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा दम लागला, तर व्यायाम वगैरे सोडा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता आठ महिने झाले. ११५ अंश वाकतो. मांडी घालत नाही, त्यामुळे आज पंगतीत माझी खुर्ची. व्रणाच्या बाजूला थोडं बधिर लागतं. भाजी मंडईतून मी पायी आणते.

जेवणानंतर वरच्या मजल्यावर आपला दहावीचा वर्ग बघायला जाणार आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. ज्यांना यायचंय त्यांनी या, फक्त कठड्याची बाजू माझी.